तिसऱ्या पिनेचा अर्थ

गेल्या पावसाळ्यात ओल्या हातानं फ्रिजचं दार उघडताना माझ्या आईला विजेचा झटका बसला. पायात रबरी चप्पल होती, म्हणून निभावलं. माझे मामू निवृत्त वायरमन. निरोप मिळताच ते टेस्टर घेऊन आले.

फ्रिजचा प्लग थेट भिंतीतल्या सॉकेटमध्ये नव्हता. मध्ये एक पांढरा मल्टीप्लग होता. रस्त्यावरच्या गाडीवरून मीच तो साठ रुपयांना आणला होता. चपट्या, गोल, तिरप्या, कसल्याही पिना त्यात बसत. त्यावर ‘मेड इन चायना’ एवढंच लिहिलेलं, कारखान्याचं नाव नाही. मामूंनी स्क्रू काढून तो उघडला. फेज आणि न्यूट्रलच्या भोकांमागे पितळेच्या पातळ पट्ट्या होत्या. तिसऱ्या, मोठ्या भोकामागे मात्र काहीच नव्हतं. मामू म्हणाले, “शायरसाहेब, यात अर्थच नाही!”

मंडळी, अर्थ म्हणजे अर्थिंग, जमिनीकडे जाणारी तार. दिवा लागायला दोन तारा पुरतात. एकीतून वीज येते, दुसरीतून परत जाते. सुरुवातीचे प्लग म्हणूनच दोन पिनांचे असत. पण घरात इस्त्री, शेगडी अशी धातूच्या अंगाची उपकरणं आली, तसा धोका वाढला. आतली तार सैल होऊन धातूला टेकली, की अख्खं उपकरण ‘जिवंत’ होतं. अर्थिंग असेल तर ती वीज तिसऱ्या तारेनं निघून जाते आणि फ्यूज उडतो. नसेल तर ती हात लावणाऱ्याच्या अंगातून वाट काढते.

आपल्या भिंतीवरची तीन गोल भोकं १९३४ च्या ब्रिटिश मानकातून आली. तिसरी पिन जाड, कारण ती चुकूनही दुसऱ्या भोकात जाऊ नये. ती लांब, कारण प्लग लावताना आधी अर्थ जोडला जावा आणि काढताना सर्वांत शेवटी सुटावा. पुढे १९४७ मध्ये ब्रिटननं चौकोनी पिनांचा, पोटात फ्यूज असलेला नवा प्लग स्वीकारला. आपण गोल पिनाच ठेवल्या. आपलं आयएस १२९३ हे मानक त्याच परंपरेतलं.

म्हणजे परदेशी माल आपल्याला नवा नाही. स्वातंत्र्यापूर्वी विजेचं बरंचसं सामान विलायतेहूनच येई. चिनी मातीच्या बुडाचे, पितळी झाकणाचे ते स्विच जुन्या वाड्यांत अजूनही दिसतात. १९४७ मध्येच भारतीय मानक संस्था स्थापन झाली आणि १९५२ च्या कायद्यानं आयएसआय चिन्हाला आधार मिळाला. त्या चिन्हाचा अर्थ साधा: या वस्तूची कसोटी झाली आहे आणि तिची जबाबदारी कुणीतरी घेतली आहे.

१ एप्रिल २००१ रोजी उरलेल्या ७१५ वस्तूंवरचे आयातीचे संख्यात्मक निर्बंध उठले. आधीच्या वर्षाअखेरीस सरकारनं शंभराहून अधिक वस्तूंच्या आयातीला भारतीय मानकाची अट घातली होती. परदेशातल्या कारखान्यांनाही आयएसआयचा परवाना मिळू लागला. २००३ च्या आदेशानं तारा, घरगुती स्विच, इस्त्री, पाणी तापवायचे रॉड यांना हे चिन्ह सक्तीचं झालं. पुढे प्लग आणि सॉकेटही त्या यादीत आले.

तरीही निनावी मल्टीप्लग माझ्या घरात शिरलाच. कसा? घरात वस्तू वाढल्या, बोर्डावरची भोकं तेवढीच राहिली. चीनच्या तिरप्या पिना, अमेरिकेच्या चपट्या, युरोपच्या दोन गोल, साऱ्यांना एकाच भिंतीत जागा हवी. ती जागा करून देणारी वस्तू साठ रुपयांत मिळते, आणि माझ्यासारखा सुशिक्षित माणूसही ती खिशात टाकतो. अर्थ नसला तरी फ्रिज थंड होतोच, दिवा लागतोच. झटका बसेपर्यंत काही कळत नाही.

म्हणून मी परदेशी मालाला दोष देत नाही. चिनी कारखान्यात उत्तम मालही बनतो. दोष आहे तो निनावीपणाचा. दुर्घटना घडली तर विचारायचं कुणाला? गाडीवाला उद्या दुसऱ्या चौकात असेल.

मामूंनी जाताना तीन गोष्टी बजावल्या. एक, वस्तूवर आयएसआय चिन्ह, त्यावर मानकाचा क्रमांक आणि खाली परवान्याचा क्रमांक बघायचा. हा परवाना आता ‘बीआयएस केअर’ ॲपवर तपासता येतो. दोन, फ्रिज, गिझर, इस्त्री मल्टीप्लगवर कधीच लावायची नाही. थेट भिंतीत लावायची. तीन, मुख्य बोर्डात ३० मिलिअँपियरची गळती ओळखून वीज तोडणारा आरसीसीबी बसवून घ्यायचा. “आणि भिंतीतलं अर्थिंगही तपासून घे,” ते म्हणाले, “नाहीतर तिसरं भोक तिथंही नुसतं शोभेचं.”

सगळं करून घेतलं. त्या साठ रुपयांपेक्षा कितीतरी जास्त खर्च आला. आई मात्र अजून फ्रिजला हात लावण्याआधी मला हाक मारते, “बेटा, अर्थ आहे ना?”

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)