मंडकळ्ळीचं विमान आणि पुढचं दार

म्हैसूरजवळच्या मंडकळ्ळीचा विमानतळ म्हैसूर संस्थानानं 1940च्या दशकात उभारला, पण नव्या इमारतीसाठी 2010 उजाडावं लागलं. तिचं उद्घाटन मे महिन्यात झालं आणि त्याच महिन्याच्या 22 तारखेला मंगळुरूला दुबईहून आलेलं बोइंग धावपट्टी ओलांडून दरीत कोसळलं. 166 पैकी आठच जण वाचले. अशा वेळी लोक म्हणतात, ज्याची आयुष्याची दोरी बळकट तोच वाचतो. मंगळुरूपुरतं ते खोडून काढणं कठीण आहे. पण एका दरीवरून सगळ्या अपघातांचा निष्कर्ष काढणं चूक आहे. 1983 ते 2000 या काळातल्या अमेरिकी विमान अपघातांची पाहणी झाली, तेव्हा त्यांत सापडलेल्यांपैकी 95 टक्क्यांहून अधिक माणसं वाचल्याचं दिसलं. 14 फेब्रुवारी 1990ला मुंबईहून निघालेलं एअरबस बेंगळुरूच्या धावपट्टीअलीकडे गोल्फच्या मैदानावर आदळून पेटलं, त्यातूनही 146 पैकी 54 जण वाचले.

खरा शत्रू बहुतेकदा आदळल्यानंतर येतो. 1985 साली मँचेस्टरला विमान उडालंही नव्हतं; धावपट्टीवरच इंजिन पेटलं आणि 55 जण गेले, त्यांतले बहुसंख्य धुरानं. भरलेलं विमान निम्म्याच दारांतून नव्वद सेकंदांत रिकामं होऊ शकतं हे उत्पादकानं सिद्ध करावं, असा अमेरिकी नियम 1967पासून आहे. पण त्या चाचणीत ना धूर असतो, ना कुणी बॅग काढत बसतं. म्हणून आदळल्यावर स्वतःच्या पायांनी लगेच बाहेर पडता यायला हवं. त्यासाठी पट्टा पोटावर नव्हे, ओटीपोटाखाली कमरेच्या हाडावर घट्ट हवा. डोकं पुढच्या आसनाला टेकवून पावलं मागे घ्यायची, कारण पाय मोडला तर पळणं संपलं. आणि सामान जागेवरच सोडायचं. पासपोर्ट, दागिने, औषधं सोडायची कशी, हा आक्षेप मला समजतो. तरीही 2 जानेवारी 2024ला टोकियोच्या हानेदा विमानतळावर पेटलेल्या विमानातून 379 जण जिवंत उतरले, ते सामानाचा मोह सोडल्यामुळेही.

मंडकळ्ळीची धावपट्टी जेमतेम 1,740 मीटरची, म्हणून तिथे एटीआरसारखी छोटी विमानंच उतरतात. घाबरलेला माणूस चढला त्याच दाराकडे धावतो. एटीआरमध्ये प्रवासी शेपटीकडच्या दारानं चढतात, पण आणीबाणीची दोन दारं पुढे, वैमानिकांच्या कक्षामागे असतात. पुढच्या रांगेत बसणाऱ्यानं ती विमान सुटण्याआधीच पाहून ठेवायला हवीत.