ऋतुनिवृत्तीच्या दाहाचा इतिहास

ऋतुनिवृत्तीचें वय सुश्रुतानें ५० सांगितलें आहे, व तो आंकडा आजही फारसा चुकीचा ठरत नाहीं. परंतु त्या सुमारास छातींतून मस्तकाकडे एकाएकीं उसळणारी उष्णतेची लाट, दरदरून सुटणारा घाम व मागोमाग भरणारी हुडहुडी यांचें कारण कळण्यास विसाव्या शतकाची अखेर उजाडावी लागली.

युरोपांत या अवस्थेस ‘मेनोपॉज’ हें नांव गार्दान नामक फ्रेंच वैद्यानें १८२१ सालीं दिलें. लंडनचे डॉक्टर टिल्ट यांनीं १८५७ त या विषयावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. शेंकडों स्त्रियांच्या तक्रारी त्यांनीं नोंदल्या, हें त्यांचें मोठेंच काम. उपचार मात्र अफू आणि रक्तमोक्षण! त्या बिचाऱ्यांना दाहापेक्षां औषधच जड गेलें असल्यास नवल नाहीं.

बीजकोशाचा स्राव आटणें हें याचें मूळ, असें पुढें ध्यानांत आलें. १९२९ त अमेरिकेंत डॉयझी व जर्मनींत बुटेनांट यांनीं स्वतंत्रपणें ईस्ट्रोन शुद्ध रूपांत मिळविलें. १९४२ त गाभण घोडींच्या मूत्रापासून काढलेलें ‘प्रेमारिन’ अमेरिकेंत विक्रीस आलें. त्यानें दाह खरोखरच शमे. पण गुणाबरोबर हांवही वाढली. न्यूयॉर्कचे डॉक्टर विल्सन यांनीं १९६६ त पुस्तक लिहून ऋतुनिवृत्ति हा रोगच ठरविला व चिरतारुण्याची आशा दाखविली. १९७५ त या औषधाचा गर्भाशयाच्या कर्करोगाशीं संबंध दिसून आला. तेव्हां त्यास प्रोजेस्टिनची जोड देण्यांत येऊं लागली. अशा जोडऔषधाची १६,६०८ स्त्रियांवर अमेरिकेंत चाललेली परीक्षा जुलै २००२ मध्यें अर्ध्यावरच थांबविली गेली. दर दहा हजार स्त्रियांमागें वर्षाला स्तनकर्करोगाचे सुमारें ८ रोगी अधिक आढळले होते. हजारों स्त्रियांनीं भीतीनें गोळ्या टाकून दिल्या. परीक्षेंतील स्त्रियांचें सरासरी वय ६३ होतें, आणि दाहानें गांजलेल्या बहुधा पन्नाशीच्या, हा भेद त्या गडबडींत फार थोड्यांनीं पाहिला. साठीच्या आंतील, ऋतु थांबून दहा वर्षें न उलटलेल्या निरोगी स्त्रियांस, वैद्याच्या सल्ल्यानें, तोच उपचार आजही सर्वांत गुणकारी मानला जातो. स्तनाचा कर्करोग होऊन गेलेल्यांस तो सामान्यतः वर्ज्य.

१९९० च्या सुमारास डॉक्टर नाओमी रान्स यांना ऋतुनिवृत्त स्त्रियांच्या मेंदूंतील हायपोथॅलॅमस या भागांत कांहीं मज्जापेशी फुगलेल्या आढळल्या. ईस्ट्रोजेनचा अंकुश सुटला म्हणजे या पेशी न्यूरोकायनिन-बी या द्रव्याच्या द्वारें उष्णतानियामक केंद्रास चेतवितात. मग अंगाची ऊब किंचित् चढतांच तें केंद्र, जणूं घरास आग लागली, अशा घाईनें घाम सोडण्याची आज्ञा देतें. त्या द्रव्याचा मार्ग अडविणारें फेझोलिनेटंट अमेरिकेंत मे २०२३ त मान्य झालें. यकृताची तपासणी करीत राहूनच तें घ्यावें लागतें.