पन्नास हॉर्सपॉवर, बहात्तर तास

नागपूरच्या धरमपेठेत वेस्ट हायकोर्ट रोडवर एक व्यापारी संकुल आहे असं धरा. तळघरात वातानुकूलन यंत्रणेचं पाणी फिरवणारा पंप आहे आणि त्याला नुकतीच री-वाइंड करून आणलेली ५० हॉर्सपॉवरची मोटर जोडलेली आहे. महिना मे. संकुल, माणसं, वेळा कल्पनेतल्या आहेत. मोटर ज्या क्रमाने जाते तो क्रम मात्र खरा आहे. बेअरिंग उघडलं की त्यावर तो टप्प्याटप्प्याने वाचता येतो.

७२ तास आधी. वर्कशॉपच्या बाकावर मोटर तयार होते आहे. तांबं नवं, वार्निश भट्टीत नीट भाजलेलं, मेगरचं रीडिंग उत्तम. सगळी काळजी वाइंडिंगच्या वाट्याला आली आहे. कपलिंगकडच्या बाजूला ६३१३ नंबरचं बेअरिंग बसायचं आहे: आतला व्यास ६५ मिलिमीटर, बाहेरचा १४०. इंडक्शन हीटरवर ते ११० अंशांच्या आसपास तापवलं की शाफ्टवर अलगद सरकतं. इथे हातोडा चालतो, आणि ठोका बाहेरच्या रिंगवर पडतो. त्याचा सगळा जोर बॉलमधून आतल्या रिंगकडे जातो आणि रेसवर, बॉल जिथे जिथे टेकले होते तिथे, बारीक खळगे पडतात. डोळ्यांना ते दिसतही नाहीत.

दुसरी गोष्ट याहून वाईट. एंड कव्हरचं बोअर झिजून १४०.०९ मिलिमीटर झालं आहे. चालतं ते फार तर १४०.०४. ते मोठं करून बुश टाकायचा आणि लेथवर मापात आणायचं, हा त्यावरचा इलाज. त्याऐवजी बोअरच्या आत सेंटर पंचाचे ठोके मारले जातात. धातू टोकाटोकांनी वर येतो आणि बेअरिंग घट्ट बसल्यासारखं वाटतं. माझ्या मते अपघाताची वेळ इथलीच लिहायला हवी.

५४ तास आधी. मोटर बसवली. रिकामी फिरवली तेव्हा छान वाटली. लोड आल्यावर ६१ अँपिअर. पूर्ण लोडचा करंट ६६ च्या आसपास, म्हणजे काळजीचं कारण नाही. कपलिंग फुटपट्टी लावून जुळवलेलं.

३० तास आधी. ‘साहेब, मोटर आवाज करून राहिली,’ ऑपरेटर फोनवर सांगतो. त्याने स्क्रू ड्रायव्हरचं टोक कव्हरवर टेकवून दांडा कानाला लावला आहे. त्याला एक बारीक, ठराविक लयीतली खरखर ऐकू येते. त्याचा कान बरोबर आहे. उत्तर येतं: ‘बेअरिंग नवीन आहे, ग्रीस मार.’ तो गन मारत राहतो. निचऱ्याचा प्लग बंदच आहे. आतली मोकळी जागा अर्ध्यापर्यंत भरली की पुरे असतं, ती आता काठोकाठ भरली. बॉल ग्रीस घुसळू लागतात, त्याने उष्णता वाढते. आणि जाड थराखाली आवाज दबतो. सगळ्यांना हायसं वाटतं.

२४ तास आधी. बाहेर ४५ अंश. टेम्परेचर गन कपलिंगकडच्या टोकाला ८४ दाखवते. ‘मे महिना आहे, तापणारच,’ हे वाक्य नागपुरात इतकं पटण्यासारखं आहे की पुढे कुणी विचारत नाही. पण पंख्याकडचं टोक ६३ आहे. ऊन, तळघर, हवा दोन्ही टोकांना तीच. मग हे २१ अंश उन्हाचे नव्हेत.

अमेरिकेतल्या ओहायोत ३ फेब्रुवारी २०२३ च्या रात्री असंच झालं. नॉरफोक सदर्न या रेल्वे कंपनीच्या मालगाडीचं एक बेअरिंग रुळालगतच्या तापमापकांनी तीनदा मोजलं. बाहेरच्या हवेपेक्षा ते आधी सुमारे २१ अंश सेल्सिअस जास्त होतं, मग ५७, मग १४१. थांबून तपासण्याची मर्यादा साधारण ९४ अंशांची, म्हणून ५७ वर गाडी चालवणाऱ्यांना इशारा गेला नाही. पुढचा तापमापक सुमारे ३१ किलोमीटर दूर होता. ईस्ट पॅलेस्टाईनजवळ ३८ वाघिणी घसरल्या. ५७ हा आकडा मर्यादेत होता, पण २१ वरून तो ५७ वर गेला होता, आणि ही वाढ वेळेत कुणाच्या लक्षात आली नाही.

६ तास आधी. रात्रभर बंद असलेली मोटर सकाळी सुरू झाली. थंड बेअरिंग थोडा वेळ गप्प राहिलं. करंट ६२. ओव्हरलोड रिलेकडून या वेळी आशा करण्यात अर्थ नाही: बिघडलेलं बेअरिंग काहीशे वॉटच जास्त खातं, ३७ किलोवॉटच्या मोटरमध्ये ते एखाद-दोन अँपिअरमध्ये लपून जातं. तेवढेच वॉट मुठीएवढ्या जागेत कोंडले की ग्रीसमधलं तेल सुटून वाहू लागतं.

४० मिनिटं आधी. पंचाने उचललेली टोकं चेपून सपाट झाली आहेत आणि बाहेरची रिंग कव्हरमध्ये फिरू लागली आहे. जळक्या तेलाचा वास. ऑपरेटर पुन्हा फोन लावतो. बंद करायची परवानगी अजूनही पुरेशी आहे. शाफ्ट आणि वाइंडिंग शाबूत आहेत.

शून्य. केज तुटतो, बॉल एका बाजूला गोळा होतात, शाफ्ट खाली बसतो. रोटर आणि स्टेटरमधली फट मिलिमीटरहूनही कमी, ती संपते. रोटर स्टेटरला घासतो, इन्सुलेशन फाटतं, फेज अर्थ होतो. रिले आणि ब्रेकर आता पडतात.

कव्हर उघडल्यावर बाहेरच्या रिंगची पाठ तपकिरी-निळी, बोअरमध्ये गंजासारखी लाल भुकटी, आणि पंचाचे ठिपके आरशासारखे घासलेले. वाइंडिंग पुन्हा करावं लागेल. या खेपेला कामाच्या चिठ्ठीवर चार गोष्टी लिहून घ्याव्यात: बोअरचं मोजलेलं माप, शाफ्टचं माप, बेअरिंग तापवून बसवलं की ठोकून, आणि पहिल्या दिवशी दोन्ही टोकांचं तापमान, दर तासाला.