दृश्यजोडणी, आलेखी टूलकिटमधील
दृश्यजोडणी, आलेखी टूलकिटमधील : संगणकाच्या पडद्यावर खिडक्या, बटणे व मजकूर दाखविण्यासाठी लागणारे तयार घटक पुरविणाऱ्या आज्ञावली-संग्रहास टूलकिट म्हणतात. पडदा, कळफलक व माउस यांचा ताबा मात्र सर्व्हर या वेगळ्या आज्ञावलीकडे असतो. तिच्याशी राखलेला संवादमार्ग म्हणजे दृश्यजोडणी, तर टूलकिटचा जो भाग विशिष्ट सर्व्हरशी त्याच्या संकेतांत बोलतो तो बॅकएंड होय.

अमेरिकेतील मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत १९८४ मध्ये एक्स या प्रणालीस प्रारंभ झाला. तिची अकरावी आवृत्ती १९८७ मध्ये निघाली. एका यंत्रावर चालणाऱ्या आज्ञावलीची खिडकी तीत दुसऱ्या यंत्राच्या पडद्यावर उमटविता येई. अक्षरेही सर्व्हरच काढी. आज्ञावलीने केवळ अक्षराचा क्रमांक पाठवावयाचा. रोमन लिपीचे यात भागले. देवनागरीत उच्चारात व्यंजनानंतर येणारा ऱ्हस्व इकार लिहिताना व्यंजनाआधी काढावा लागतो आणि जोडाक्षरांत आकार पालटतात, त्यामुळे एका क्रमांकास एक आकृती हा हिशेब तेथे अपुरा पडला.

जीटीके हे टूलकिट स्पेन्सर किंबॉल व पीटर मॅटिस या बर्कली येथील विद्यार्थ्यांनी जिम्प या चित्रसंपादनाच्या आज्ञावलीसाठी तयार केले. त्याच्या २.० या आवृत्तीत (२००२) पँगो या संग्रहाद्वारे अक्षरजुळणीचे काम सर्व्हरकडून आज्ञावलीकडे आले. मराठीच्या दृष्टीने हा बदल नंतरच्या सर्व बदलांहून मोलाचा म्हटला पाहिजे. रायगड जिल्ह्यातील खैरात येथील शाळेत २००७ मध्ये मुलांना दिलेल्या छोट्या संगणकांची शुगर ही प्रणालीही जीटीकेवरच उभारलेली होती.

२००२ च्या अखेरीस निघालेल्या २.२ आवृत्तीत जोडणी ही गृहीत बाब न राहता स्वतंत्र घटक झाली व एकच आज्ञावली अनेक सर्व्हरांशी संबंध ठेवू लागली. बॅकएंड कोणता, हे पूर्वी संग्रह बांधतानाच ठरे, ३.० पासून (२०११) तो आज्ञावली सुरू होताना निवडता येऊ लागला. वेलँड (२००८) या नव्या प्रणालीस ही सोय उपकारक ठरली. तीत आज्ञावली आपले चित्र स्वतः पूर्ण करते, सर्व्हर ती चित्रे पडद्यावर एकत्र मांडतो. दूरच्या यंत्रावर खिडकी उमटविण्याची एक्सची सोय मात्र तिच्या मूळ संकेतांत नाही. जीटीकेच्या ४.१८ आवृत्तीत (२०२५) एक्सचा बॅकएंड कालबाह्य ठरविण्यात आला.

जुनी उणीव मात्र नव्या व्यवस्थेतही उतरली. सर्व्हर कोसळून जोडणी तुटली की जीटीकेवरील आज्ञावली तत्काळ बंद पडते व न जतन केलेले काम नष्ट होते. क्यूट या दुसऱ्या टूलकिटने ६.६ आवृत्तीत (२०२३) वेलँडशी पुन्हा जोडणी करण्याची सोय आणली.