छावणींतील मंडळी आणि दूरदेशींचे स्नेही

केनियाच्या वायव्य भागांत, तुर्काना प्रदेशाच्या रखरखीत माळावर, ककूमा नांवाची निर्वासितांची छावणी १९९२ सालीं उभी राहिली. सुदानांत १९८३ सालीं यादवी पेटली, तेव्हां दक्षिणेकडील हजारों दिंका मुलें पायीं चालत इथिओपियांत गेलीं होतीं. १९९१ सालीं तेथील राजवट कोसळतांच त्यांना तेथूनहि पळावें लागलें. गिलो नदी ओलांडतांना कित्येक बुडालीं. उरलीं त्यांतील पुष्कळशीं अखेर ककूमास पोंचलीं आणि तेथें या निर्वासितांनीं स्वतःच्या हातांनीं मातीचीं प्रार्थनामंदिरें बांधलीं.

हे लोक कोणाचे आश्रित म्हणून ख्रिस्ती झाले, अशी समजूत होण्याचा संभव आहे. परंतु इंग्रज मिशनऱ्यांनीं बोरजवळ मालेक येथें विसाव्या शतकाच्या आरंभींच ठाणें दिलें होतें. आणि १९६४ सालीं सरकारनें परदेशी मिशनऱ्यांना घालवून दिलें, तोंवर फार थोडे दिंका त्या धर्मांत आले होते. खरी लाट आली ती युद्धांत व छावण्यांत, दिंका धर्मोपदेशकांच्या आणि मेरी अलुएल यांच्यासारख्या गीतें रचणाऱ्या स्त्रियांच्या कर्तृत्वानें. ही मंडळी झोळी घेऊन कोणाच्या दारीं आली नव्हती.

इंग्लंडांतील सॅलिस्बरीच्या मंडळ्यांचा सुदानशीं स्नेह युद्धापूर्वींच, १९७० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत, जुळला होता. ब्रिटनमधील सर्वांत उंच, सुमारें १२३ मीटर उंचीच्या, चर्चमनोऱ्याच्या छायेंतील या लोकांनीं पुढें औषधें पाठविलीं, शिक्षणास पैसे दिले. ओळख आधीं झाली आणि गरज मागाहून आली, हें मला फार महत्त्वाचें वाटतें. एरवीं पैसा एकाच दिशेनें वाहतो आणि देणारा हळूहळू हिशेब मागूं लागतो.

मार्क निकेल या अमेरिकन धर्मोपदेशकानें हें ओळखलें असावें. १९८१ पासून तो सुदानांत मुंद्री येथें शिकवीत असे. १९८७ सालीं बंडखोरांनीं त्याला पकडून कांहीं आठवडे अडकवून ठेविलें. तरी सुटल्यावर तो पुन्हां त्याच लोकांत परतला. तो दिंका गीतांचा अभ्यास करी आणि अमेरिकेंतील व इंग्लंडांतील मंडळ्यांना लांबलचक पत्रें लिही. दुष्काळाचीं वर्णनें वाचून आपण पाकीट काढतों. माणसाची ओळख पटली म्हणजे त्याची वाट पाहूं लागतों.

सप्टेंबर २००० मध्यें निकेल कर्करोगानें वारला. त्याच वर्षाच्या अखेरीपासून ककूमाचे तरुण अमेरिकेंत येऊं लागले; ते साडेतीन हजारांहून अधिक होते. तेथील अनेक शहरांतील एपिस्कोपल चर्चांत दिंका भाषेंत उपासना सुरू झाल्या, आणि छावणींत रचलेलीं गीतें ढोलाच्या तालावर तेथें घुमूं लागलीं.