सिद्धगडावरून जादुगुड्याला

परवा शनिवारी सिद्धगडला जाऊन आलो. खालच्या जंगलात भाई कोतवाल आणि हिराजी पाटील यांचं स्मारक आहे. २ जानेवारी १९४३ ला पोलिसांच्या गोळीबारात दोघं इथेच हुतात्मा झाले. माथेरानच्या या वकिलाचा आझाद दस्ता विजेचे मनोरे पाडायचा. सह्याद्रीतली वीज मुंबईच्या कारखान्यांना जायची. ती तोडली की इंग्रजांचं युद्धाचं काम अडणार, असा साधा हिशेब!

माझ्यासारख्या दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसणाऱ्याला वीज म्हणजे भिंतीवरचं बटण. ती कुठल्यातरी डोंगरातून येते हे तिथे उभं राहिल्यावर जाणवलं. घरी येऊन वाचायला बसलो तो अणुवीज करत करत पोचलो झारखंडमधल्या जादुगुड्याला.

देशातली ही पहिली युरेनियमची खाण. १९५१ मध्ये साठा सापडला, १९६७ मध्ये सरकारी कंपनी स्थापन झाली. आता आकडे बघा. एक टन दगडात युरेनियम जेमतेम अर्धा-पाऊण किलो. ते काढून हैदराबादला पाठवायचं, तिथे अणुभट्ट्यांचं इंधन बनतं. उरलेला जवळजवळ अख्खा टन म्हणजे दळलेला गाळ. त्यातला जाडसर भाग परत खाणीत भरतात, बारीक भाग नळांतून तलावात सोडतात. गंमत म्हणजे (गंमत कसली!) मूळ किरणोत्सारापैकी सुमारे ८५ टक्के या गाळातच राहतो.

तलाव आले ते आदिवासींच्या शेताघरांवर. १९९६ मध्ये तिसऱ्या तलावासाठी चाटीकोचा गावातली घरं पाडली. डिसेंबर २००६ मध्ये गाळाचा नळ फुटला आणि काही तास गाळ ओढ्यात वाहत राहिला. आजारांबद्दल गावकरी एक सांगतात, कंपनी म्हणते सगळं मर्यादेत आहे. तो वाद मी इथे बसून सोडवू शकत नाही.

पण एक हिशेब मलाही जमतो. गाळातल्या रेडियमचं अर्धायुष्य १६०० वर्षं. आपल्या मुरबाडच्याच नाणेघाटात सातवाहनांचा शिलालेख आहे, साधारण दोन हजार वर्षांपूर्वीचा. त्यांनी घाटाखाली असा एखादा तलाव करून ठेवला असता तर त्यातलं बरंचसं रेडियम आजही तिथेच असतं, आणि राखण आपल्याला करावी लागली असती.

अणुवीज नकोच असं माझं म्हणणं नाही. पण पुढच्या दोन हजार वर्षांची राखण विजेच्या बिलात कुठे लिहिलेली नसते, एवढं खरं.