डोक्यावरची पाटी

कंबर धरली, गुडघे भरून आले, मान वळत नाही, असे कोणी म्हणाले की आपण लगेच वाताचे नाव घेतो. त्याचा धंदा कोणता, हे विचारायचे राहून जाते. वैद्याने रोग्याला हा प्रश्न विचारलाच पाहिजे, असे इटलीतील मोदेना येथील वैद्य बर्नार्दिनो रामाझ्झिनी यांनी १७०० साली आपल्या लॅटिन ग्रंथात लिहिले. हा विषय त्यांना सुचला तो स्वतःच्या घरचा शौचकूप उपसणाऱ्या कामगाराला पाहून. त्या माणसाचे मुख्य दुखणे डोळ्यांचे होते. पण पुढे एकेक धंदा तपासताना रामाझ्झिनींना दिसले की, वेडेवाकडे ताण आणि अंगाची अवघडलेली ठेवण यांनीही माणूस हळूहळू मोडतो.

त्या कामगाराचे भाऊबंद आपल्याकडेही होते. कोरड्या संडासाचे झडप मागच्या बोळात, जमिनीलगत असे. जातीने हे काम जिच्या माथी मारले, त्या बाईने कमरेत वाकायचे, पत्र्याने मैला ओढून पाटीत भरायचा, पाटी डोक्यावर घ्यायची आणि चालू लागायचे. तुम्ही म्हणाल, आमच्या बायकाही घागरी वाहतातच की! वाहतात, आणि त्यांचीही मान दुखते. पण घागर अंगाशी धरून उचलता येते. ही पाटी कोण अंगाशी धरील? ओझे अंगापासून जितके दूर, तितका कमरेच्या मणक्यांवर भार अधिक.

मुंबई सरकारने १९४९ साली व्ही. एन. बर्वे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिचा अहवाल १९५२ साली आला. केंद्राच्या मलकानी समितीचा आला १९६० साली. डोक्यावरचा मैला उतरवा, ढकलगाड्या द्या, असे ठरले. चर्चा झाली ती मुख्यतः अप्रतिष्ठेची, आणि ती व्हायलाच हवी होती. कमरेचा विचार मात्र मागे पडला, असे मला वाटते. चाकाला सपाट वाट लागते. बोळात दगड, पायऱ्या, गटारे. तेथे गाडी उचलूनच न्यावी लागते! मनाईचा कायदा व्हायला १९९३ साल उजाडले. अधिक व्यापक कायदा २०१३ चा.

आता गावोगाव घंटागाडी फिरते. पाटी जाऊन डबा आला. ओल्या कचऱ्याचा डबा जमिनीवरून उचलायचा, खांद्याच्या वर नेऊन गाडीत ओतायचा. पुन्हा पुढचे दार. गुरुजी, एखाद्या सकाळी मुलांना घेऊन फाटकाशी उभे राहा आणि एका आळीत तो माणूस किती वेळा वाकतो, ते मोजा.